बाळ पाच महिन्यांचंही नाही आणि रजा संपली, आता दुधाचं काय?

(हातात चांदीचं छोटं बोंडलं धरून)

नमस्कार. हे बघा, जवळून दाखवते. हे बोंडलं. माझ्या नवऱ्याला लहानपणी याच बोंडल्याने दूध पाजलंय, आणि चौतीस वर्षांनी ते माळ्यावरच्या डब्यातून पुन्हा खाली आलं, कारण माझी रजा संपली होती आणि माझी लेक बाटलीला तोंडच लावत नव्हती. आज मी त्या दिवसांबद्दल बोलणार आहे. रजा संपायला महिना राहिलाय आणि पोटात गोळा आलाय अशी कुणी हे बघत असेल, तर हा व्हिडिओ तिच्यासाठी आहे.

आधी गणित बघू, कारण माझा घोळ तिथेच झाला होता.

1961 च्या मातृत्व लाभ कायद्यात 2017 साली दुरुस्ती झाली आणि पहिल्या दोन बाळंतपणांसाठी पगारी रजा 12 आठवड्यांवरून 26 आठवडे झाली. 26 आठवडे म्हणजे 182 दिवस, म्हणजे सहा महिने. डॉक्टरही सांगतात की पहिले सहा महिने फक्त आईचं दूध द्या, वरचं पाणीसुद्धा नको. ऐकताना वाटतं, छान जुळलं. पण हे 26 आठवडे बाळंतपणाच्या दिवसापासून मोजत नाहीत, रजेवर गेल्या दिवसापासून मोजतात. तारखेच्या आधी जास्तीत जास्त आठ आठवडे घेता येतात, आणि जेवढे आधी घ्याल तेवढे नंतरचे कमी होतात.

माझं बीपी वाढायला लागलं म्हणून डॉक्टरांनी विश्रांती सांगितली. मी पाच आठवडे आधी घरी बसले. उरले 21 आठवडे, म्हणजे 147 दिवस. लेक नोव्हेंबरच्या मध्यावर झाली आणि एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात मी डोंबिवली स्टेशनवर उभी होते. तेव्हा ती पाच महिन्यांचीही नव्हती. वरचं अन्न सुरू व्हायला अजून पाच आठवडे होते. या पाच आठवड्यांत मी घरी नसताना तिने काय प्यायचं, हा प्रश्न मला रजेवर जातानाच पडायला हवा होता. तुम्ही गरोदर असाल तर आजच कॅलेंडर काढा आणि मोजा. साठलेली हक्काची रजा पुढे जोडून मिळेल का, थोडे दिवस घरून काम करता येईल का, हे तेव्हाच लेखी विचारा. घरून कामाची सोय मालक आणि बाई यांच्या संमतीने करता येते, असं 2017 च्या दुरुस्तीतच आहे. आणि 50 किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे पाळणाघराची सोय बंधनकारक झाली, दिवसातून चार वेळा बाळाला भेटायला जायची मुभा धरून. बाळ 15 महिन्यांचं होईपर्यंत दुधासाठी रोज दोन सुट्ट्याही आहेत, त्या जेवणाच्या सुट्टीव्यतिरिक्त. आमचं ऑफिस लहान होतं, पाळणाघराचा प्रश्नच नव्हता. पण दोन सुट्ट्या मिळतात हे तिथे कुणालाच माहीत नव्हतं. मलाही नव्हतं.

आता मुख्य विषय, दूध.

पहिला दिवस सांगते. सकाळी सातला तिला पाजून निघाले. अकराच्या सुमाराला छाती दाटायला लागली. बाराला दगड झाला होता. मी सहन करत बसले, कारण विचारायचं कुणाला आणि जायचं कुठे? शेवटी जुन्या फायली ठेवायच्या खोलीत गेले, दाराला आतून खुर्ची लावली आणि हाताने दूध काढायचा प्रयत्न केला. थेंबसुद्धा येईना. इतकं दाटलंय आणि येत नाही! मी रडले तिथे. संध्याकाळी परतताना लोकलच्या लेडीज डब्यात पलीकडच्या सीटवर कुणाचं तरी तान्हं रडायला लागलं, आणि पुढच्याच क्षणी माझा कुर्ता दोन्ही बाजूंनी ओला. माझ्याकडे कुणी बघितलंही नाही. शेजारच्या बाईंनी न बोलता त्यांची ओढणी माझ्या खांद्यावर टाकली. उतरताना परत द्यायला गेले तर म्हणाल्या, "राहू दे गं, असंच जा घरी."

हे असं का होतं ते कळलं की निम्मी भीती जाते, म्हणून सांगते. आपल्याकडे गाईबद्दल म्हणतात ना, पान्हा फुटला, पान्हा चोरला. अगदी तेच. दूध तयार होणं वेगळं आणि पान्हा फुटणं वेगळं. दूध साठलेलं असलं तरी ते बाहेर ढकलायला ऑक्सिटोसिन नावाचं संप्रेरक लागतं. बाळाचं रडणं, बाळाचा वास, बाळाची नुसती आठवण, यानेही ते सुटतं. आणि धास्ती, घाई, दारावर कुणी टकटक करेल ही भीती, याने ते अडतं. फायलींच्या खोलीत मी पान्हा चोरत नव्हते, मी घाबरले होते. दुसऱ्या दिवसापासून पिशवीत तिचं न धुतलेलं दुपटं नेलं. ते नाकाशी धरायचं, डोळे मिटायचे, दोन मिनिटं काहीच करायचं नाही. मग गरम पाण्यात भिजवलेल्या रुमालाने शेकायचं आणि हलक्या हाताने काढायचं. तिसऱ्या दिवशी 60 मिली निघालं. पंप मी नंतर घेतला, तो सोयीचा आहे, पण हाताने काढायला शिका. हात कधी चार्ज करावा लागत नाही.

किती दूध ठेवायचं? ढोबळ हिशेब असा: एक ते सहा महिन्यांचं बाळ दिवसभरात साधारण 750 ते 800 मिली पितं. म्हणजे तुम्ही जितके तास बाहेर, त्या प्रत्येक तासाला 30 ते 35 मिली धरा. मी अकरा तास बाहेर, तर 350 मिलीच्या आसपास. एखादं बाळ कमी पितं, एखादं जास्त. माझी लेक दिवसा दीडशेवर भागवायची आणि रात्री उरलेलं वसूल करायची. पहिल्या आठवड्यात मला वाटलं तिची झोप बिघडली, काहीतरी चुकतंय. काही चुकत नव्हतं. दिवसभर आई नसते म्हणून बरीच बाळं रात्री जास्त पितात. झोपेचे हाल झाले, खोटं कशाला सांगू. पण रात्री अडीच वाजता ती एका हाताने माझं मंगळसूत्र घट्ट धरून प्यायची, तेव्हा दिवसभराचं सगळं उतरायचं.

"दूध कमी पडतंय" हे वाक्य तुम्हाला येता-जाता ऐकू येईल. ऐकून घ्या, पण मोजा दुसरंच. चोवीस तासांत सहा किंवा जास्त वेळा लंगोट ओला होतोय का, आणि वजन वाढतंय का, एवढंच बघा. अळिवाची खीर, मेथीचे, डिंकाचे लाडू जरूर खा, बाळंतिणीच्या अंगाला ताकद लागतेच. पण दूध वाढतं ते छाती रिकामी होण्याने. साठून राहिलं की शरीर समजतं, एवढं नको आहे, आणि बनवणं कमी करतं. म्हणून ऑफिसात एक वेळ चुकवली की चारच दिवसांत फरक जाणवतो. आणि एखादी जागा लाल झाली, दुखायला लागली, थंडी वाजून ताप आला, तर घरगुती उपायांत दोन दिवस घालवू नका. डॉक्टर गाठा, आणि पाजणं थांबवू नका.

आता साठवण. 25 अंशांपर्यंतच्या खोलीत काढलेलं दूध चार तास टिकतं. एप्रिलमध्ये डोंबिवलीत 25 अंश कुठले? त्यामुळे काढल्याबरोबर फ्रीजमध्ये, तेही दारात नाही, आत मागच्या बाजूला. तिथे चार दिवस चालतं. ऑफिसातून आणताना गोठवलेल्या बर्फाच्या पाकिटांसकट जाड पिशवीत. डब्यावर तारीख आणि वेळ लिहायची. बाळाने उष्टं केलेलं उरलं तर दोन तासांच्या आत द्यायचं, नाहीतर टाकायचं. टाकताना जीव तुटतो, माहितीये मला.

यावरूनच आमच्या घरी पहिली ठिणगी पडली. सासूबाईंनी फ्रीजमधून वाटी काढली. वर सायीसारखा थर, खाली निळसर पाणी. त्या म्हणाल्या, "हे नासलंय." मी म्हटलं, "आई, नासलं नाहीये, स्निग्धांश वर आलाय, हलकं फिरवलं की एकजीव होतं." मग म्हणाल्या, "बरं, मग उकळून देते." जन्मभर ज्या बाईने कुठलंही दूध न उकळता घरात वापरलं नाही, तिने तान्ह्या नातीला फ्रीजमधलं गार दूध तसंच द्यायचं? त्यांचं म्हणणं मला मनापासून पटत होतं. पण आईचं दूध उकळलं की त्यातल्या संरक्षण देणाऱ्या बऱ्याच गोष्टी जातात. गरम पाण्याच्या पातेल्यात वाटी ठेवायची, कोमट झालं की बास. मायक्रोवेव्हही नको, एखादा घोट चटका देईल इतका तापतो.

त्यांची समजूत कशाने पटली सांगू? सायनच्या हॉस्पिटलने. त्यांच्या धाकट्या बहिणीचं बाळंतपण तिथलं, त्यामुळे त्या हॉस्पिटलवर त्यांचा विश्वास. मी सांगितलं, आई, आशियातली पहिली दूधपेढी तिथेच निघाली, 1989 साली, डॉक्टर आर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली. दिवस भरायच्या आत जन्मलेल्या बाळांना तिथे दुसऱ्या आयांनी दिलेलं दूध देतात. ते परक्या आईचं असतं म्हणून साडेबासष्ट अंशांवर अर्धा तास ठेवतात, तेही उकळत नाहीत. आणि हे तर तिच्या स्वतःच्या आईचं. त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग उठून माळ्यावरचा डबा काढायला लावला आणि हे बोंडलं बाहेर आलं.

बोंडलं वापरणार असाल तर ही चोच नीट बघा. आत दूध वाळून बसतं. बारीक ब्रशने घासायचं आणि दहा मिनिटं उकळायचं, प्रत्येक वेळी. आमच्याकडे हे काम तिच्या बाबांचं. रात्री जेवणं झाली की पातेलं गॅसवर. पहिले आठ दिवस आठवण करावी लागली, नंतर कधीच नाही. आणि आई आसपास असेल तर बाळ बोंडल्याने पीत नाही, वास येतो ना. रजा संपायच्या पंधरा दिवस आधीपासून सराव सुरू करा, आणि त्या वेळी तुम्ही चक्क घराबाहेर जा.

एक गोष्ट मला सगळ्यांत जास्त सांगायची आहे. आजी घरी आहे म्हणजे प्रश्न मिटला असं समजू नका. पासष्ट वर्षांच्या, गुडघे दुखणाऱ्या बाईने अकरा तास तान्हं बाळ सांभाळायचं म्हणजे काय, याचा विचार मी केलाच नव्हता. दुसऱ्या आठवड्यात एकदा लवकर घरी आले तर साडेचार वाजता त्या उभ्यानेच भात कालवून खात होत्या, कडेवर ही. त्या रात्री आम्ही दोघांनी बसून ठरवलं आणि अकरा ते तीन एक ताई ठेवल्या. पैसे लागले. माझ्या पगाराचा मोठा भाग गेला, पण त्या चार तासांत सासूबाई बसून जेवायला लागल्या, दुपारी आडव्या व्हायला लागल्या.

त्या ताईंनी मला एकदा सहज सांगितलं की त्यांचा धाकटा दीड महिन्यांचा असताना त्या भांडी घासायला परत गेल्या होत्या. बाळ शेजारणीकडे. त्यांना कुठले 26 आठवडे? प्रधानमंत्री मातृ वंदना योजनेत पहिल्या बाळासाठी 5000 रुपये मिळतात, तेही अर्ज केला तर. तेवढ्यात घर किती दिवस चालणार? मी फायलींच्या खोलीबद्दल रडत होते, आणि माझं रडणं खरंच होतं. पण आपल्या घरात काम करणारी बाई गरोदर असेल तर तिला पगारी रजा आपण देऊ शकतो. त्यासाठी कायद्याची वाट बघायला नको.

शेवटचं, उष्टावणाचं. मुलीचं विषम महिन्यात करतात, पाचव्या किंवा सातव्या. सासूबाईंच्या मनात पाचवा होता. मी बोटं मोजून दाखवली: सातवा महिना लागतो तेव्हाच सहा पूर्ण होतात. म्हणजे रीतही पाळली जाते आणि डॉक्टरांचंही ऐकलं जातं. त्या हसल्या, म्हणाल्या, "मग सातवाच." मेच्या मध्यावर मामाने सोन्याच्या अंगठीने खीर चाटवली, अगदी जिभेला लावण्यापुरती. दुसऱ्या दिवसापासून मऊ भात-वरण, वर तूप, मीठ-साखर नाही. मधही वर्षाच्या आत अजिबात नाही.

(भिंतीवरच्या कॅलेंडरची दोन पानं दाखवत)

ही एप्रिल आणि मेची पानं मी जपून ठेवलीत. मी विचारलं नव्हतं, तरी पहिल्याच दिवसापासून सासूबाई तारखेच्या चौकोनात पेन्सिलने लिहून ठेवायच्या. हे बघा: "11.20 ला 40. 2 ला 30, थुंकली." खाली: "3.30 ला 60. रडली नाही." मी रात्री घरी आले की आधी हेच वाचायचे, चपला काढायच्याही आधी. आणि हा मेमधला चौकोन, यात आकडे नाहीत. लिहिलंय, "भात. दोन चमचे. अजून मागत होती."