गिरणी कामगारांचा रविवार

श्रोतेहो, नमस्कार. आज १ मे. महाराष्ट्र दिनाच्या झेंडावंदनात कामगार दिन आपल्याकडे जरा मागे पडतो, म्हणून आज त्याच्याविषयीच बोलते.

शिकागोची हकिकत तुम्ही ऐकली असेल. आठ तासांच्या कामासाठी १८८६ च्या मे महिन्यात संप झाला, हेमार्केट चौकातल्या सभेत बॉम्ब फुटला, आणि पुढच्या वर्षी चार कामगार नेते फासावर गेले. मग १८८९ साली पॅरिसच्या परिषदेत ठरलं, की येत्या १ मेला सगळ्या देशांतल्या कामगारांनी याच मागणीसाठी एकत्र यायचं.

भारतात कामगार दिन पाळायला १९२३ साल उजाडलं, तेही मद्रासला. पण सुट्टीसाठीची लढाई मुंबईच्या गिरण्यांत कधीच सुरू झाली होती. महात्मा फुल्यांचे सत्यशोधक सहकारी आणि 'दीनबंधु'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली परळला कामगारांची सभा घेतली. साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार झाला. त्यातल्या मागण्या ऐका: दुपारी अर्धा तास विश्रांती द्या. पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत तरी द्या. कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पगार द्या. आठवड्यातून एक दिवस, रविवारी, सुट्टी द्या. म्हणजे यातलं काहीच तेव्हा हक्काचं नव्हतं. १८८१ चा कायदा होता, पण तो लहान मुलांपुरता. मोठी माणसं दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत साच्यावर उभी.

अर्ज पडून राहिला, पण लोखंडे थांबले नाहीत. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर सुमारे दहा हजार कामगार जमले. दोन कामगार स्त्रियाही तिथे भाषणाला उभ्या राहिल्या. त्या काळात, एवढ्या गर्दीपुढे! मला तर या दोघींचा फार अभिमान वाटतो. अखेर १० जूनला मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. पुढच्या वर्षीच्या कायद्याने आठवड्याची सुट्टी बंधनकारक झाली.

हा रविवार सगळ्यांपर्यंत अजून पोचलेला नाही. आपल्याच राज्यात ऊसतोडीला गेलेल्या जोडप्याचा एक दिवस खाडा झाला, तर अनेक ठिकाणी मुकादम त्यांच्या हिशेबातून दंड कापून घेतो. मग तो खाडा आजारपणाचा असो की बाळंतपणाचा. यंदाच्या कामगार दिनी मागणी करायची, तर ती या जोडप्यांच्या सुट्टीची करूया.