सिंहगडाखाली सोनं आहे का?

श्रोतेहो, नमस्कार. ज्वालामुखीच्या प्रदेशात उपग्रहाच्या मदतीनं सोनं शोधतात, हे ऐकलं की पुण्यात कुणीतरी विचारतंच, "मग आपला सिंहगडही ज्वालामुखीच्याच दगडाचा, तिथं का नाही शोधत?" प्रश्न रास्त आहे.

७०५ किलोमीटरवरून फिरणाऱ्या लँडसॅट या अमेरिकी उपग्रहाला सोनं दिसत नाही. टनभर खडकात चार-दोन ग्रॅम. ते हातात दगड धरूनही दिसत नाही! उपग्रह टिपतो त्या सोन्याच्या सोबत्यांच्या खुणा. ज्वालामुखीच्या पोटातलं गरम, आम्लधर्मी पाणी भेगांतून वर येतं आणि खडकाची पार माती करतं. केओलिनाइट, अ‍ॅल्युनाइट ही खनिजं त्यातूनच बनतात. तेच पाणी कधी कधी सोनं-चांदीही मागे ठेवून जातं. ही खनिजं २.२ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे मायक्रॉन) लहरलांबीच्या आसपासचा, डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश शोषतात, १.६ मायक्रॉनचा मात्र बराचसा परतवतात. या दोन प्रकाशांत टिपलेल्या चित्रांचा भागाकार केला की असा खडक उजळून उठतो. १९७२च्या पहिल्या लँडसॅटकडे या लहरी टिपायची सोय नव्हती. तरी अमेरिकेतल्या नेवाडा राज्यातल्या गोल्डफील्ड परिसरात शास्त्रज्ञांनी नुसत्या लोहाच्या डागांवरून असे पट्टे ओळखले. अर्थात तिथं वाळवंट, खडक उघडाबोडका.

आपल्याकडे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थरांवर थर पसरत गेला. पाणी या खडकांतही फिरलं, पण त्यातून पोकळ्यांत झिओलाइट नावाची स्फटिकरूप खनिजं साचली. वाघोलीच्या दगडखाणींतलं कॅव्हन्साइट हे निळंशार खनिज तर जगभरच्या संग्राहकांना हवं असतं. सोन्याच्या खाणीजोगं मात्र काही सापडलेलं नाही.

आणि चित्र फसवतंही. पाचगणीच्या टेबललँडवरचा जांभा पावसानं खडक झिजून झाला, त्यात लोह आणि माती दोन्ही भरपूर. त्यामुळे त्या भागाकारात तोही सोन्याच्या खुणांसारखाच चमकू शकतो. पावसाळ्यातलं गवत त्याहून लबाड, कारण पानांतलं पाणीही २.२ मायक्रॉनजवळचा प्रकाश गिळतं. लँडसॅटची चित्रं २००८पासून फुकट मिळतात. कुणाला घरी बसून हात चालवायचा असेल, तर एप्रिल-मेचं चित्र घ्या.

बाकी, कर्नाटकातल्या हट्टीला आजही सोनं निघतं. तिथला खडकही मूळचा ज्वालामुखीचाच, पण वय अडीचशे कोटी वर्षांहून जास्त. आपला सिंहगड त्याच्यापुढे अगदीच तान्हा.