छप्पर दुमडलेली फँटम

जुन्या मोटारींच्या रॅलीसाठी मुंबईच्या हॉर्निमन सर्कलला गाड्यांची रांग लागते, तेव्हा टाउन हॉलच्या पायऱ्यांसमोर सर्वांत आधी गर्दी जमते ती छप्पर मागे दुमडलेल्या गाडीभोवती. बंद गाडीत काचेला कपाळ टेकवून डोकवावे लागते. इथे मात्र चामड्याच्या सीट, लाकडी डॅशबोर्ड आणि भलेमोठे स्टिअरिंग असे सारे काही सकाळच्या उन्हात आपल्यासमोर मांडलेले असते.

अशीच एक गाडी म्हणजे रोल्स-रॉइसची फँटम टू, १९२९ ते १९३०च्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या काळातली. तिचे इंजिन सहा सिलिंडरचे, ७,६६८ सीसीचे. मात्र त्या काळी कंपनी पूर्ण गाडी विकतच नसे. कारखान्यातून बाहेर पडे ती इंजिनासह चासिस, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा, आणि तिच्यावर बॉडी चढवण्याचे काम बार्कर किंवा हूपर यांच्यासारखे, पूर्वी घोड्यांच्या बग्ग्या बांधणारे कारागीर ग्राहकाच्या पसंतीप्रमाणे करत. त्यामुळे एकाच वर्षाच्या दोन फँटम शेजारी उभ्या केल्या, तरी मडगार्डचा बाक आणि दारांची रेषा वेगळी निघू शकते. अशा गाडीचे दुर्मीळपण नुसत्या आकड्यांत मोजता येत नाही.

छपराचेच पाहा. साध्या टूररला, म्हणजे बाजूंना काचा नसलेल्या उघड्या गाडीला, एकपदरी कापडी हूड, म्हणजे दुमडते छप्पर असे, आणि पाऊस आला की बाजूंना पडदे अडकवावे लागत. ड्रॉपहेड या प्रकारची उघडी गाडी ही त्याहून फार वरची कारागिरी होय: खालीवर होणाऱ्या काचा, आतून अस्तर लावलेले जाड छप्पर आणि ते तोलून धरणाऱ्या लोखंडी कमानी. काही गाड्यांत तर फक्त पुढचा भाग गुंडाळून मागच्या प्रवाशांवर सावली ठेवण्याचीही सोय होती.

या सौंदर्याची किंमत गाडीच्या सांगाड्याला मोजावी लागते. बंद गाडीत छप्पर दोन्ही बाजूंना बांधून ठेवते. ते काढले की सगळा ताण खालच्या चासिसवर आणि दारांच्या खांबांवर येतो. आत बहुधा अ‍ॅश जातीच्या लाकडाची चौकट असते आणि तिच्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा. लाकडाचे सांधे ढिले झाले की दार किंचित खाली बसते. म्हणूनच जाणकार माणूस आधी रंगाची चमक पाहत नाही. तो खाली वाकून दाराची फट वरपासून खालपर्यंत सारखी आहे का, हे पाहतो.

मुंबईत ती फट सारखी राखणे फार कठीण आहे. समुद्राची खारी हवा बिजागऱ्यांना गंज चढवते, जुलैच्या ओलाव्याने लाकूड फुगते, आणि ओले हूड दुमडून ठेवले तर काही दिवसांतच त्यावर बुरशी धरते. तेव्हा ही गाडी टिकते ती मालकाच्या ऐपतीइतकीच मेस्त्री, सुतार आणि कुशनवाला यांच्या हातांवर, असे मला मनापासून वाटते. ठोकून पत्रा सरळ करणाऱ्या त्या हातांचे नाव मात्र कुठल्याही पाटीवर नसते.

२०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ रूप राखलेल्या गाड्यांना ‘व्हीए’ मालिकेचा वेगळा क्रमांक मिळू शकतो. मात्र असा क्रमांक घेतलेली गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही.

रॅली संपली आहे. मेस्त्री कोरड्या फडक्याने हूडवरची धूळ पुसतो, कमानी एकेक करून सरळ करतो आणि छप्पर पुढच्या काचेच्या चौकटीला अडकवतो. मग तो दार लोटतो, आणि कुलपाचा एकच, भरीव आवाज येतो.