लाल माती, काळा धूर

(दृश्य : इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटाचा किनारा, उंचावरून)

मातीची ही लाली लोखंडाची. कंपन्या मात्र इथे येतात त्या निकेलसाठी. 100 किलो मातीतून निकेल निघतं जेमतेम एक-दीड किलो. बाकीचं कुठेतरी टाकायचंच.

जानेवारी 2020 पासून इंडोनेशियाने कच्चं निकेल खनिज बाहेर पाठवायला बंदी घातली. नुसती माती विकून हाती काय लागणार? निकेल हवं तर इथे या, इथेच भट्ट्या लावा. युरोपीय संघाने जागतिक व्यापार संघटनेत दाद मागितली. 2022 मध्ये निकाल इंडोनेशियाच्या विरोधात गेला. अपील करून त्यांनी बंदी चालूच ठेवली. चिनी भांडवल तर लोटलंच. सुलावेसीवरच्या मोरोवालीत किनाऱ्यालगत अख्खी औद्योगिक वसाहत आधीच उभी होती, ती आणखी फुगली.

(दृश्य : खाण, जवळून)

इथलं निकेल खोल नसतं, वरच्या थरातच पसरलेलं असतं. त्यामुळे बोगदा खणायची गरज नाही. जंगल काढायचं आणि माती खरवडायची. मुळं गेली की पावसाबरोबर गाळ ओढ्यात, ओढ्यातून समुद्रात. तिथे तो प्रवाळावर बसतो. पाणी गढूळलं की ऊन खाली पोचत नाही, आणि ऊन नसेल तर प्रवाळाची उपासमार.

(दृश्य : धुराडी)

भट्ट्यांना वीज लागते अखंड. ती मुख्यतः कारखान्यांच्या स्वतःच्या कोळसा वीजकेंद्रांतून येते. जगातलं बरंचसं निकेल स्टेनलेस स्टीलमध्ये जातं, त्यामुळे सगळं खापर इलेक्ट्रिक गाड्यांवर नको. पण त्यांच्या बॅटऱ्यांतही ते आहेच. गाडीला धुराडं नसतं, कारण ते इथे आहे.

परकीय गुंतवणूक ढिल्या कायद्याचा देश शोधते, की चांगलं तंत्रज्ञान घेऊन येते? अर्थतज्ज्ञांचा हा वाद जुना आहे. आम्हाला विचाराल तर आधी यजमान देशाचे नियम वाचावेत, तेही बारीक अक्षरातले.

2021 मध्ये चीनने जाहीर केलं, परदेशात नवी कोळसा वीजकेंद्रं बांधणार नाही. 2022 मध्ये इंडोनेशियाच्या अध्यक्षीय आदेशानेही नव्या केंद्रांना मनाई केली. दोन्हीकडून दार बंद झालं म्हणायचं, तर आदेशात पुढे अपवाद आहे : खनिजावर प्रक्रिया करणाऱ्या उद्योगांची केंद्रं चालतील. अट एवढीच, 10 वर्षांत उत्सर्जन 35 टक्क्यांनी घटवायचं.

आणि ही केंद्रं चालवायची मुदत? 2050.