बॉयलर गळतो तेव्हाची प्रार्थना

श्रोतेहो, सलाम. "देवबापा, सगळ्यांना आशीर्वाद दे," एवढं म्हणून आपण गुडघ्यांवरून उठतो. मग उत्तर आलं की नाही, हे ओळखायचं कशावरून? मागणी नेमकी हवी.

इंग्लंडात ब्रिस्टलला जॉर्ज म्युलर अनाथाश्रम चालवत. पैशासाठी माणसांपुढे हात पसरत नसत, गरज फक्त देवाला सांगत. १८५७ च्या नोव्हेंबरअखेर त्यांच्या पहिल्या इमारतीचा बॉयलर गळू लागला. आत ३०० मुलं, आणि इमारतीला ऊब त्याच बॉयलरची. त्याच्याभोवती विटांचं बांधकाम. ते काढल्याशिवाय गळती दिसेना, आणि काढायचं तर आग विझवायलाच हवी. म्युलरांनी कारागीर बोलावले, बुधवार ठरवला. दिवस ठरला नि उत्तरेचा बोचरा वारा सुटला. त्या हिवाळ्यातली पहिली कडाक्याची थंडी!

म्युलरांनी दोन गोष्टी मागितल्या. उत्तरेचा वारा दक्षिणेचा कर, आणि कारागिरांना मन लावून काम करू दे. दुसरी मागणी बायबलमधल्या नहेम्याच्या पुस्तकातली. लोकांचं मन कामात होतं म्हणून यरुशलेमेचा कोट ५२ दिवसांत उभा राहिला. दोनच मागण्या, श्रोतेहो: वारा आणि मन. मंगळवारी संध्याकाळीसुद्धा वारा उत्तरेचाच. तरी दिवस बदलला नाही.

बुधवारी वारा दक्षिणेचा! आगीची गरजच भासली नाही. विटा काढल्या, गळती सापडली. रात्री साडेआठच्या सुमारास कारागिरांचा मालक आला. म्हणाला, माणसं आज उशिरापर्यंत थांबतील, उद्या पहाटे परत येतील. तेव्हा त्यांचा मुकादम म्हणाला, "साहेब, त्यापेक्षा आम्ही रात्रभरच काम करतो." सकाळपर्यंत गळती बंद. ३० तासांच्या आत विटा पुन्हा चढल्या, आग पेटली. तोवर वारा दक्षिणेचाच.

हल्ली ग्रुपवर प्रार्थनेची विनंती आली की जोडलेल्या हातांचं चित्र टाकून आपण मोकळे होतो. आधी तिथेच डोळे मिटा, मग चित्र टाका.  

तर एक वही करा. डाव्या पानावर तारीख आणि एका वाक्यात मागणी, उजवं पान उत्तरासाठी कोरं. सकाळी आधी बायबलमधलं वचन वाचा, मग प्रार्थना. थेट प्रार्थनेला बसलं की पहिली दहा-पंधरा मिनिटं मन भटकतं, हा म्युलरांचाच अनुभव. वाचलेल्या वचनातूनच ते प्रार्थनेत शिरत. केडगावच्या पंडिता रमाबाईंनीही म्युलरांचे अनुभव वाचले होते, आणि निराधार स्त्रिया-मुलींसाठीच्या आपल्या मुक्ती मिशनची गरज त्याही देवापुढे मांडत.

उजवं पान कोरंच राहिलं तर? नोव्हेंबर १८४४ मध्ये म्युलर पाच जणांच्या तारणासाठी रोज प्रार्थना करू लागले. पहिला दीड वर्षाने ख्रिस्ताकडे वळला, दुसरा त्यानंतर पाच वर्षांनी, तिसरा आणखी सहा वर्षांनी. उरलेल्या दोघांसाठी प्रार्थना पुढे कित्येक वर्षं चालूच होती. म्हणून वही भरली की कोऱ्या पानांच्या मागण्या खोडू नका. मूळ तारखेसकट नव्या वहीत उतरवा, आणि मूळ तारीख विसरू नका.