सहा मीटरवरचे दोन दिवे

[दृश्य: काळोखी खोली, समोर दोन बारीक दिवे]

तांबडा-पांढरा. हिरवा-तांबडा. पांढरा-पांढरा.

सहा मीटरवर टाचणीच्या टोकाएवढे दोन दिवे. जोडी बदलली की लगेच रंग सांगायचे. ही मार्टिन लँटर्न, रंग ओळखण्याची चाचणी. रंगांधळेपणा तपासणारी इशिहाराची ठिपक्यांची पानं मुलं पाठ करून येतात. या दिव्यांचं पाठांतर होत नाही. इथे सगळं बरोबर आलं की शेरा मिळतो सीपी-एक, म्हणजे रंगदृष्टीची सर्वांत वरची श्रेणी, आणि हवाई दलात वैमानिक व्हायला तोच लागतो. हेलिकॉप्टरसाठी वेगळी सवलत नाही. फायटर, ट्रान्सपोर्ट की हेलिकॉप्टर, हे प्रशिक्षणात ठरतं. हकीमपेटच्या प्रशिक्षण केंद्रात चेतक हेलिकॉप्टरमध्ये बसणारा कॅडेट याच चाळणीतून आलेला असतो.

[दृश्य: अक्षरांचा तक्ता]

एका डोळ्याने 6/6, दुसऱ्याने निदान 6/9. दुसरा भिंग लावून 6/6 पर्यंत यायला हवा, तोही प्लसच्याच भिंगाने. प्लस दोनपर्यंत चालतो. मायनस, म्हणजे दूरचं अंधुक दिसणाऱ्याचा नंबर, इथे चालत नाही.

[दृश्य: डोळ्यात थेंब, बाहुली मोठी होताना, जवळून]

खरा निकाल या थेंबांनंतर लागतो. डोळे किलकिले केले की थोडा मायनस असलेलाही खालची ओळ वाचून जातो. उलट, रात्रभर पुस्तकात डोकं घातलं असेल तर आतला स्नायू आखडतो आणि नसलेला मायनस दिसू लागतो. थेंबांनी तो स्नायू सैलावतो. मग रेटिनोस्कोपच्या उजेडाची पट्टी बाहुलीवरून फिरते. आतली लालसर चमक पट्टीबरोबर सरकते की उलटी, एवढंच पाहायचं. ती हलायची थांबेपर्यंत भिंगं बदलत राहायचं. थेंबांनंतर अर्ध्यापर्यंतचा मायनस माफ असतो; कुठल्याही अक्षात तो त्यापुढे गेला की तक्ता कितीही खडखडीत वाचलेला असो, उपयोग नाही.

[दृश्य: बर्फावर उतरणारं हेलिकॉप्टर]

मायनसवरच एवढा रोख का? रात्री बाहुली मोठी होते तेव्हा निरोगी डोळाही थोडा मायनसकडे झुकतो. नुसता बर्फ किंवा ढग समोर असला की नजर दूर न जाता एक-दोन मीटरवरच अडकते. आणि हेलिकॉप्टर उडतं खाली, विजेच्या तारांच्या उंचीवर.

[दृश्य: एका डोळ्यावर लाल रेघाळ भिंग]

मॅडॉक्स रॉड. दोन्ही डोळे एकाच जागी रोखलेले राहतात का, ते यावरून कळतं. एका डोळ्याला लाल रेघ दिसते, दुसऱ्याला दिवा. रेघ दिव्यातून गेली पाहिजे. सहा मीटरवर आडवा फरक सहा प्रिझमपर्यंत (प्रिझम हे या फरकाचं माप) चालतो, वर-खाली फक्त एक. थकव्यात किंवा विरळ हवेत हाच झाकलेला तिरळेपणा उघडा पडतो आणि एकाचे दोन दिसतात.

[दृश्य: लेसर यंत्र]

लॅसिक चालतं, पण शस्त्रक्रिया विसाव्या वर्षानंतरची हवी. मूळ नंबर सहाच्या आत, पारपटल (डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा) किमान 450 मायक्रॉन जाड, डोळ्याची लांबी 25.5 मिलिमीटरच्या आत आणि शस्त्रक्रियेनंतर बारा महिने गेलेले. म्हणजे बारावीनंतर एनडीएतून जाणाऱ्याला हा रस्ता नाहीच. घाईने अठराव्या वर्षी लेसर करून घेतलेल्याला पुढेही नाही.

नापास झालेल्यांपैकी काही अपील करतात, काही ग्राउंड ड्यूटीकडे वळतात.

[दृश्य: दवाखान्याबाहेर, ऊन]

तयारी करून घेणाऱ्या अकादमीची फी भरण्याआधी थेंब घालून नंबर काढून घ्या. नुसती संगणकावरची चिठ्ठी पुरत नाही. जाताना काळा चष्मा आणि सोबतीला कोणी तरी असू द्या. थेंबांचा असर उतरेपर्यंत दुचाकी चालवू नका.