छतावरून येणारा उंदीर : ओळख आणि बंदोबस्त

(जळगाव जिल्ह्यातील एका गावाच्या वाचनालयात झालेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

मंडळी, घरात उंदरांचा त्रास सुरू झाला की आपण खाली वाकून बिळे शोधतो, मोरीच्या कडेला विटांचे तुकडे ठोकतो, आणि तरीही रात्री डोक्यावरची खुडबुड थांबत नाही. याचे कारण असे की आपल्या घरांत सर्वाधिक आढळणारा काळा उंदीर, म्हणजे शास्त्रीय भाषेत रॅटस रॅटस, हा मुळात चढणारा प्राणी आहे. जमीन उकरण्यापेक्षा त्याला कड्या, माळा आणि छताची पोकळी अधिक मानवते. म्हणून त्याचा बंदोबस्तही वरूनच सुरू करावा लागतो.

आधी ओळख पक्की करू. अंगणात किंवा गोठ्यात मातीचे ढीग काढते ती घूस. ती जाडजूड असते आणि तिची शेपूट अंगाच्या मानाने आखूड असते. काळा उंदीर सडपातळ, वजनाने साधारण 150 ते 250 ग्रॅम, मोठ्या पातळ कानांचा असतो आणि त्याची शेपूट डोके व धड यांच्या एकत्र लांबीपेक्षाही जास्त भरते. नावाने काळा असला तरी आपल्याकडे तो बहुधा तपकिरी दिसतो. भिंतीच्या कडेने चिरकत पळणारी, उग्र वासाची चिचुंद्री तर उंदरांच्या कुळातलीच नाही; ती मुख्यतः किडे खाते, तिला उगाच मारू नये. उंदीर दिसला नाही तरी त्याच्या खुणा दिसतात. त्याची लेंडी सुमारे 12 मिलिमीटर लांब आणि दोन्ही टोकांना निमुळती असते, तर पालीच्या विष्ठेच्या टोकाला पांढरा ठिपका असतो. रोजच्या वाटेवर, विशेषतः कडी आणि भिंत जिथे मिळतात तिथे, अंगाच्या तेलकटपणाने काळपट पट्टे उमटतात. शंका असल्यास माळ्यावर रात्री बारीक राख पसरून ठेवावी. सकाळी पावलांचे ठसे आणि मधून ओढलेल्या शेपटीची रेघ दिसली, तर वेगळा पुरावा नको.

आता आपल्या खान्देशातल्या घरांकडे पाहा. जुन्या धाब्याच्या घरात लाकडी कड्या, त्यांवर फळ्या आणि वर मातीचा थर असतो; माती सुटली आणि फळ्यांत फट पडली की उंदराला तयार घर मिळते. नवे स्लॅबचे घर बांधले म्हणजे प्रश्न मिटला, असे समजू नये. खिडकीत बसवलेला कूलर उन्हाळा संपल्यावरही तिथेच राहतो आणि त्याच्या बाजूची बोटभर फट वर्षभर उघडी असते. डिशची केबल, पाण्याच्या टाकीचा पाइप आणि घरावर झुकलेली कडुनिंबाची फांदी या तिन्ही त्याच्या वाटाच आहेत. सुमारे 12 मिलिमीटर फटीतूनही हा उंदीर आत शिरू शकतो.

सर्वांत मोठा धोका मात्र आपणच घरात आणून ठेवतो. भाव वाढेल या आशेने दिवाळीनंतर कपाशी कित्येक घरांत महिनोन्‌महिने पडून असते, कधी झोपण्याच्या खोलीतसुद्धा छतापर्यंत रचलेली. रुईत उंदराला घरटे मिळते आणि सरकीत अन्न. मादी साधारण तीन आठवड्यांत विते, एका वेतात पाच ते आठ पिल्ले होतात आणि ती दोन-तीन महिन्यांत स्वतः विऊ लागतात; म्हणजे कपाशी विकेपर्यंत घरात नवी पिढी उभी राहिलेली असते. त्यातच उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढत असल्याने तो सतत कुरतडत राहतो, आणि कुरतडलेल्या वायरीची ठिणगी कपाशीत पडली तर काय होईल, हे इथे बसलेल्या शेतकऱ्यांना मी सांगायला नको. कपाशी घरात ठेवणे आपल्या खुशीचे नाही, भावाने लादलेले आहे, हे मला मान्य आहे. पण ठेवायचीच असेल तर भिंतीपासून दीड-दोन फूट अंतर सोडा, छताला टेकू देऊ नका, वायरींपासून दूर रचा आणि माणसाला चारी बाजूंनी फिरून बघता येईल एवढी वाट राखा. पऱ्हाटीचा, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या काड्यांचा, ढीगही घराच्या भिंतीला लागून नसावा. ज्वारी, बाजरी, शेंगा आणि उन्हाळ्यात केलेली बिबडी, पापड हे झाकण घट्ट बसणाऱ्या पत्र्याच्या कोठीत किंवा डब्यात असावे. एक उंदीर दिवसाला 15 ते 30 ग्रॅमच खातो, पण मूत्र आणि लेंड्यांनी त्याहून कितीतरी जास्त धान्य नासवतो.

फटी बुजवताना कापड, लाकूड, प्लास्टिक कामाचे नाही; सिमेंटमध्ये काचेचा चुरा घालावा किंवा 6 मिलिमीटर छिद्रांची पोलादी जाळी ठोकावी. फांद्या घरापासून किमान दोन मीटर दूर छाटाव्यात.

आत राहिलेल्यांसाठी चाप किंवा पिंजरा लावावा. हा उंदीर नव्या वस्तूला बिचकतो, म्हणून दोन-तीन दिवस चाप न ताणता त्यावर शेंगदाणा किंवा भज्याचा तुकडा ठेवावा आणि मग ताणावा. जागा जमिनीवरची नव्हे, तर कडीवरची, काळ्या पट्ट्यांच्या वाटेवरची असावी. लेंड्या कोरड्या झाडू नयेत; तोंडाला रुमाल बांधून, हातमोजे घालून, ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने भिजवून पुसाव्यात, कारण उंदरांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिस हा जिवाणूंमुळे होणारा तापाचा आजार पसरतो. प्लेगच्या काळात घरात उंदीर मरून पडू लागले की आपले आजे-पणजे गाव सोडून शेतात झोपड्या घालून राहत, ते योग्यच होते. मेलेल्या उंदरावरच्या पिसवा माणसाकडे वळतात, हे फ्रेंच डॉक्टर पॉल-लुई सिमों यांनी 1898 मध्ये दाखवले. आजही औषध न घालता एकाएकी बरेच उंदीर मेलेले आढळले, तर त्यांना हात न लावता आरोग्य केंद्राला कळवावे.

विष मी मुद्दाम शेवटी घेतले आहे. झिंक फॉस्फाइड या उंदीरनाशक विषावर उतारा नाही, म्हणून ते राहत्या घरात वापरू नये असे माझे स्पष्ट मत आहे. ब्रोमाडिओलोन या रक्त गोठू न देणाऱ्या विषाच्या वड्या खाल्लेला उंदीर काही दिवसांनी मरतो, तोही बहुधा छताच्या पोकळीत, आणि मग दुर्गंधीने घरात बसवत नाही. शिवाय असा उंदीर खाणारे मांजर किंवा गव्हाणी घुबडही दगावू शकते. वापरायच्याच असतील तर मुले आणि जनावरे पोहोचणार नाहीत अशा कुलूपबंद पेटीत ठेवाव्यात आणि उरलेल्या मोजून काढून घ्याव्यात. मुलाच्या तोंडात विष गेल्याचा नुसता संशय आला तरी घरगुती उपायांत वेळ न घालवता पाकिटासह दवाखाना गाठावा, कारण विष कोणते होते यावर डॉक्टरांचे उपचार ठरतात. ब्रोमाडिओलोनसाठी जीवनसत्त्व के-1 दिले जाते, झिंक फॉस्फाइडवर ते चालत नाही.